भेंडीखालचा बांध

रोह्याला वरसे गावातल्या भाड्याच्या खोलीत प्रतिक्षा सकाळपासून लॅपटॉपला चिकटली होती. धरमतर खाडीकाठच्या तिच्या गावी उघाड्या होत्या, भरतीचं पाणी अडवणारी दारं. त्यांच्यावर तिने पाण्याची पातळी कळवणारी यंत्रं बसवली होती. गेल्या वर्षी उधाणाला यंत्रांनी इशारा दिलाही. पण नोंदींच्या गबाळात तो असा हरवला की खारं पाणी शेतात शिरलं आणि बाबांचं भात गेलं. ते तिच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून आता प्रत्येक नोंदीला ठरलेले रकाने: जागा, इशारा की नुसती माहिती, पाठवणारा, मजकूर. रकाना रिकामा, तर नोंद बाद.

आज अमावास्येचं उधाण. दुपारी नोंदी शहाण्या मुलांसारख्या रांगेत येऊ लागल्या, आणि प्रतिक्षा स्वतःवरच खूश झाली.

मग एक आली. जागा: भेंडीखालचा बांध. इशारा. पाठवणारा: मोतीराम. माती हलते. उभा आहे.

त्या बांधावरच्या भेंडीच्या झाडाखाली तर यंत्रच नव्हतं. चाचणीचं काही राहिलं असेल म्हणून तिने सगळा कोड धुंडाळला. मोतीराम कुठेच नाही. तोवर तीच नोंद पुन्हा आली. तिने घरी फोन लावला.

"बाबा, मोतीराम कोण?"

काळुराम चपापले. "माजा आजा. तुला कोनी सांगलं गो ह्ये नाव? बांध फुटला तवा भेंडीखाली उभा व्हता. मागून गावलाच नाय."

"भेंडीखाली जा, बाबा. आत्ता."

का, म्हणून त्यांनी विचारलं नाही. गाव धावलं. बांधाच्या पोटात भेग पडून पाणी झिरपत होतं. चिखल, पेंढा, भरलेली पोती. ओहोटी लागेपर्यंत भेग बुजली. यंदाचं भात वाचलं! प्रतिक्षा एकटीच खोलीत हसली आणि रडलीही.

स्क्रीनवर मात्र नोंद येतच होती. मोतीराम. उभा आहे.

अजून बांधावरच असलेल्या बाबांना तिने ते फोनवर सांगितलं. गावची रीत दोघांनाही ठाऊक होती. बांध फुटताना जो पहिल्यांदा पाहतो, तो तिथेच उभा राहतो. दुसरा येऊन त्याची जागा घेईपर्यंत पाय हलवत नाही.

फोनवर नुसता वारा ऐकू आला. मग बाबांचा आवाज.

"आजा, मी हाय. तू जा."

नोंद आली. माहिती. मोतीराम. जातो.

प्रतिक्षाने हात जोडले.

संध्याकाळी तिने घरी फोन केला. बाबा जेवायला बसले होते. "सुकट केलीय तुज्या आयशीनं," ते घास चावत म्हणाले.

लॅपटॉपवर नवी नोंद आली. जागा: भेंडीखालचा बांध. माहिती. पाठवणारा: काळुराम.

उभा आहे.