वेबसाइटचं पहिलं गिऱ्हाईक

तक्रार

“देवेंद्रनं मले बुडवलं, ताई,” अनुराग म्हणाला.

ज्योत्स्ना बालाघाटात लग्नाच्या स्थळांची गुपचूप चौकशी करून द्यायची. वेबसाइटचं प्रकरण पहिलंच. शेजारी तिचा मावसभाऊ वसंता. स्कूटर चालवणारा, सगळं दोनदा विचारणारा.

२००७ साल. अनुरागनं मोटरसायकलींवर वेबसाइट काढली होती. हातमोजे, आरसे, बूट, हेल्मेट यांची माहिती लिहायची, खाली एका कंपनीच्या ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. त्या वाटेनं कुणी काही घेतलं की अनुरागला कमिशन. पहिली विक्री झाली आणि कंपनीनं खातंच बंद केलं. स्वतःच्या लिंकवरून स्वतः किंवा घरच्यांनी खरेदी केलेली चालत नाही म्हणे. काय विकलं गेलं, कुणी घेतलं, ते कळवलं नाही.

“मी घेतलं नाही. इंटरनेट कॅफे देवेंद्रचा, साइट तिथंच बनवली. माझं खातं बंद पडावं म्हणून त्यानंच तिथून काही घेतलं असंल. जळते तो. भरचौकात चोर म्हटलं मी त्याले.”

“मग तो काय बोलला?”

“काहीच नाही. खाली पाहत उभा राह्यला.”

संशयित एक

“अनुरागच्या साइटवरून काही घेतलंस?”

“माझ्याजवळ गाडी कुठं आहे, ताई? मी काहून घेऊ हेल्मेट?” देवेंद्र म्हणाला.

“मग चौकात गप्प काहून होतास?”

तो कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला.

संशयित दोन

शरदचंद्र, अनुरागचे वडील, कोर्टातून निवृत्त. दाराशी एक सायकल, एवढंच वाहन. देव्हाऱ्यात लाल कापडाखाली कलशापेक्षा मोठं काहीतरी गोल. वर ताजं कुंकू.

“कॉम्प्युटरले मी हात नाही लावत. पोरगा दिवसभर कॅफेत बसते. लोक विचारतात तं सांगाची लाज वाटते.”

तेवढ्यात दारात गल्लीतला प्रेमलाल आला. “काकाजी, उद्या किराणा खोलून राह्यलो. बोहनी तुमच्याच हातानं.”

“येतो,” शरदचंद्र म्हणाले.

बाहेर वसंता म्हणाला, “यांनी पहिली वस्तू घेतल्याशिवाय या गल्लीत दुकान सुरू होत नाही.”

ज्योत्स्नानं त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

संशयित तीन

सगळे कॅफेत बसले.

“कोणती वस्तू गेली, ते कंपनीनं सांगितलं नव्हतं,” ज्योत्स्ना म्हणाली. “देवेंद्र मात्र हेल्मेट म्हणाला. म्हणजे ऑर्डर त्याच्यासमोर झाली.”

“मी तेच म्हणत होतो,” अनुराग म्हणाला.

“ऐक. ज्या घरी फक्त सायकल आहे, तिथं देव्हाऱ्यात हेल्मेट आहे. कुंकू लावलेलं. साऱ्या गल्लीची बोहनी करणारा माणूस पोटच्या पोराचं दुकान सोडेल?”

शरदचंद्रांनी चष्मा काढला.

“लोकांत नावं ठेवली मी याले. मग कोणत्या तोंडानं सांगू? देवेंद्रच्या हाती पैसे देले, त्यानं ऑर्डर भरली. बोलू नको म्हणून शपथ घातली. आपल्याच दुकानात आपण बोहनी कराची नसते, हे मले काय ठाऊक?” मग हळूच, “चौकातलं समजलं होतं मले. तरी गप्प बसलो.”

“तर मग चोर कोण?” वसंतानं विचारलं.

“चोरी झालीच नाही. गुन्हा चौकात झाला.”

ज्योत्स्ना अनुरागकडे पाहत होती.

“देवेंद्र,” अनुराग पुटपुटला, “माफ कर.”

“इथं?” देवेंद्र म्हणाला. “इथं आपलेच लोक आहेत. चोर चौकात म्हटलं होतं तू.”

बाहेर चौकात बाजाराची गर्दी होती. अनुराग उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. शरदचंद्र चपला शोधू लागले. त्या पायातच होत्या.

“सरक,” ते मुलाला म्हणाले. “पहिला मी.”