अडीचाचे तीन

चार वाजता पोलिसांत तक्रार जाणार होती, आणि दोन वाजता धाकटी वहिनींच्या दारात उभी राहिली. ऑफिसात वयाने लहान म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. वहिनी खासगी तपासाची कामं घेत. सोबतीला त्यांचे दीर, निवृत्त कंपाउंडर. भावजींना गोष्टी उशिरा कळत, पण विचारायला ते लाजत नसत.

धाकटीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलांतल्या सलाइन-पंपांना डोस सांगायचं. काल सकाळी एका नर्सचा फोन आला: बाळाचा डोस जास्त दाखवतोय. तिने वेळीच पंप बंद केला म्हणून निभावलं. संध्याकाळी साहेबांनी धाकटीच्या हातात पत्र ठेवलं. वहिनींनी ते दोनदा वाचलं. ‘राउंडिंगमध्ये मुद्दाम फेरफार’, म्हणजे अपूर्णांकाचा पूर्ण आकडा करण्याच्या हिशेबात, असा तिच्यावर आरोप होता, आणि आज चारला पोलिसांत जाण्याची धमकी.

"डोसचा तो कोड मी दोन महिन्यांत उघडलेला नाही," धाकटी म्हणाली. "माझ्या कॉम्प्युटरवर आजही उत्तर बरोबर येतं."

कोड बाहेरच्या तयार पॅकेजांवर चालतो, कुठल्याची कुठली आवृत्ती घ्यायची याची यादी गोठवलेली असते, आपोआप काही बदलत नाही, हेही तिने सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं.

तिघं ऑफिसात पोचली. आलेख काढणाऱ्याला तिथे रंगारी म्हणत. बिचाऱ्याची बोबडी वळली होती. परवा त्याने आलेखांचं नवं पॅकेज जोडलं, एवढंच. बिल्ड, म्हणजे सगळं जोडून हॉस्पिटलांना पाठवायचं सॉफ्टवेअर, लाल होऊन अडलं, मग साहेबांनीच बसून ते हिरवं केलं.

साहेबांची जीभ मात्र लोण्यासारखी. आपण एक ओळही लिहिली नाही, उलट जुना कचरा काढला, म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे आपण नव्हेत, हेही ऐकवलं.

कुठल्या पॅकेजने कुणाला सोबत आणलं, ते वहिनींनी धाकटीच्या कॉम्प्युटरवरचं आणि हॉस्पिटलांना गेलेल्या बिल्डचं, असं दोन्हीकडचं छापून घेतलं. दोन कागद शेजारी ठेवून त्यांनी ओळीला ओळ ताडून पाहिली. पावणेचार झाले.

"भावजी, एकाला जेवायला बोलवावं, तर तो मेव्हण्यालाही घेऊन येतो," त्या अखेर म्हणाल्या. "आलेखांच्या पॅकेजने राउंडिंगचं पॅकेज आणलं, नव्या आवृत्तीचं. डोस चालतो त्याच्याच जुन्या आवृत्तीवर. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. यादीत जुनी होती, म्हणून बिल्ड अडलं."

"मग हिरवं कसं झालं?"

"यादीच काढून टाकली. साहेबांचा कचरा तो हाच. बिल्डने नवी आवृत्ती उचलली, ती अर्ध्याचा पूर्ण करते. अडीचाचे तीन झाले. धाकटीकडे यादी शाबूत आहे."

साहेब म्हणाले, चूक कुणाचीही होते.

"चूक परवाची. कालचं काय? नर्स फक्त डोस जास्त म्हणाली होती. राउंडिंग बिघडल्याचं तुमच्या पत्रात कालच कसं आलं? तुम्हाला कारण सापडलं होतं, आणि खापर हिच्या माथी फोडलंत."

साहेबांनी पत्र परत घ्यायला हात पुढे केला. धाकटीने ते दिलं नाही. बाकीच्या अकरा हॉस्पिटलांना कळवलं का, एवढंच तिने विचारलं. कुणालाच कळवलं नव्हतं. कळवलं असतं, तर आपल्याला कधीपासून माहीत होतं ते उघड झालं असतं.

धाकटीने फोन ओढून पहिल्या हॉस्पिटलला लावला. पलीकडून कोण बोलतंय म्हणून विचारलं.

"डोसचा कोड माझा आहे," ती म्हणाली. "आधी पंप बंद करा."