रिकामा खळगा

पटणार नाही कदाचित, पण घडलं तेच सांगतोय. माझ्या मावसबहिणीच्या, ताईच्या प्रयोगशाळेत, रविवारी भरदुपारी.

फ्लूतून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूला धरून ठेवणारी प्रतिपिंडं असतात. ती बनवणाऱ्या पेशी ताई शोधते. प्लेटमध्ये शेकडो बारीक खळगे. यंत्र एकेका खळग्यात एकेक पेशी सोडतं. प्रतिपिंड विषाणूला चिकटलं, की तो खळगा हिरवा चमकतो.

कोपऱ्यातला एक खळगा पडताळ्यासाठी मुद्दाम रिकामा ठेवतात. तो चमकता कामा नये.

ताईला आत्यानं वाढवलेलं. आत्याला फ्लू झाला. आठवड्यानं ताप उतरला आणि ताई सुई घेऊन हजर. त्या पेशी भरपूर मिळतात त्या याच दिवसांत.

"तुझ्यापेक्षा डास बरे गं," आत्या म्हणाली. "निदान कानाशी गुणगुणून विचारतात तरी!"

मग हळूच म्हणाली, "छातीत भरल्यासारखं वाटतंय. डॉक्टरकडे जाऊया का?"

"रक्त ताजं असतानाच लावायला हवं, आत्या. एवढं ठेवून आलेच."

ताई संध्याकाळी परतली.

आत्या खुर्चीतच होती, थंड पडलेली. पायांत बाहेर जायच्या चपला…

पुढच्याच रविवारी ताईनं त्या दिवशी भरून ठेवलेली आत्याच्या पेशींची प्लेट यंत्रात तपासायला लावली. प्रयोगशाळेत ती एकटीच. यंत्राची घरघर थांबली.

दारात कुणीतरी खाकरलं…

आत्या कुठल्याही खोलीत शिरताना अशीच खाकरायची. कुणी दचकू नये म्हणून.

दारात कुणीच नव्हतं.

पडद्यावर प्लेट उमटली. सगळे खळगे काळे… एक सोडून.

कोपऱ्यातला. रिकामा.

तिनं सगळं पुन्हा केलं. नवी प्लेट, नवी रसायनं. आत्याच्या रक्ताचा थेंबही नाही. कुणाच्याच नाही.

पुन्हा कुणीतरी खाकरलं. या वेळी ताईच्या खुर्चीच्या अगदी मागे…

तोच खळगा. आधीपेक्षा हिरवागार.

परवा तिनं घरून फोन करून हे मला सांगितलं.

"रागावली असेल का गं आत्या?" मी विचारलं.

"रागावली असती तर बरं होतं रे. माझं काम व्हावं म्हणून येते ती."

तेवढ्यात फोनवर, तिच्या मागे, कुणीतरी खाकरलं…

"ताई, कोण आलंय?"



"तुलाही ऐकू आलं?"

मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. आणि लांबून ताईचा रडवेला आवाज, "चल आत्या. डॉक्टरकडे जाऊया."

चपला फरफटत दाराकडे गेल्या.

ताई घरात अनवाणी असते. चपला कुणाच्या, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.