तीस पावलं

जळगावच्या बाजारात गिरधरचं रंगाचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण दुकानाच्या गादीवर झालं. तो म्हणायचा, "गिऱ्हाईक आलं की आधी पाय बघावेत, तोंड नंतर. तोंड खोटं बोलतं, चपलेला ते जमत नाही." चहा पाजून किस्से सांगायची त्याला भारी हौस. दहातले नऊ किस्से एकाच विषयाचे: धुळ्याच्या हिलाल मास्टरांचा बँड.

लोकांना तो बँड आवडायचा सिनेमाच्या गाण्यांसाठी. गिरधर म्हणायचा, गाणी काय कोणीही वाजवतं. मास्टर खरे वाजायचे ते वरात अडली म्हणजे. भुसावळला रेल्वे फाटक पस्तीस मिनिटं बंद राहिलं. मालगाडीमागे मालगाडी. नवरदेव घोड्यावर पेंगला, आणि मास्टरांनी क्लॅरिनेटवर एक साधी धून धरून तिला अशी वळणं दिली की गार्ड डब्यातून लोंबकळून मागे बघत गेला. नशिराबादला केळीचा ट्रक आडवा झाला होता, तेव्हाची धून वेगळी. शिरपूरला घोडं कापसाच्या जिनिंग मिलच्या भोंग्याला बुजलं, तर मास्टरांनी भोंग्याचाच सूर उचलला. "या वराती नवरा-नवरीलासुद्धा आठवत नसतील," गिरधर सांगायचा, "पण माझ्याकडे आहेत." टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून तो मास्टरांच्या बाजूने चालत असे. प्रत्येक वरातीची एक कॅसेट.

चौथी कॅसेट मात्र तो कोणाला ऐकवत नसे.

एकोणनव्वद सालच्या एप्रिलमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास, दुकानाच्या पायरीशी दोन जोड पाय थांबले. एक झिजलेल्या रबरी चपलांचे, एक अनवाणी. हिलाल मास्टरांची बायको प्रमिलाबाई, आणि त्यांच्या बँडमधला ढोलवाला गफूर.

"या वहिनी. बसा. चहा सांगतो."

"चहा नको भाऊ. त्या रोजनी टेप तुम्हनाजोडे शे ना?"

गिरधरच्या हातातला ब्रश डब्यातच राहिला.

"बठ्ठा गाव म्हणस, मास्टरले गर्व व्हयना व्हता. मुद्दाम वाजाडं म्हणे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "वीस वरीसमा सुतकना दारम्होरे त्यास्नी कधी फुंक मारी नही. मंग त्या रोज काय व्हयनं? परवा त्यास्नं वर्षश्राद्ध शे. बठ्ठासम्होर माले ते आयकनं शे."

गफूर खालच्या आवाजात म्हणाला, "शेठ, मी त्यांच्या बाजूलाच होतो. पण ढोलात मला काय ऐकू येणार? मेलेल्या घराच्या तीस पावलं आधी वाद्यं खाली, तीस पावलं पुढे गेल्यावर वर. ही मास्टरांचीच शिस्त. वर्षभर बँडला कोणी बोलावलं नाही. म्हणतात, यांनी मयताला नाचवलं."

"आहे… कुठेतरी आहे," गिरधर म्हणाला. "चार वाजता या. काढून ठेवतो."

ते गेले. अनवाणी पाय आधी, चपला मागून.

कुठे आहे ते त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि त्या कॅसेटमध्ये काय आहे तेही.

धुळ्याजवळचं एक गाव, नाव कशाला. भर दुपारची वरात. नवऱ्याचे मित्र नाचत अडले आणि मास्टरांना सूर लागला. असा लागला की फाटक, ट्रक, भोंगा, सगळं फिकं. बावीस मिनिटं. वळणावर एका दारात पांढऱ्या टोप्या दिसल्या, ओसरीवर तिरडी बांधून ठेवलेली. मास्टरांनी डावा हात वर केला, थांबण्याची खूण. तेव्हा गिरधर त्यांच्या कानाशी वाकला होता. "मास्टर, थांबू नका… असा सूर पुन्हा लागायचा नाही." मास्टरांनी मान हलवली, नाही. गिरधरने हात जोडले. वीस वर्षांत एवढ्या मनापासून ऐकणारा दुसरा कोणी भेटला नव्हता. मास्टरांनी हात खाली घेतला आणि वाजवत राहिले.

मयताचा भाऊ बाहेर आला तो तिरडीचा उरलेला बांबू घेऊन. पहिला घाव क्लॅरिनेटच्या पुढच्या टोकावर बसला. ती मास्टरांच्या तोंडात होती. ती आत गेली, दात घेऊन. नंतरचे घाव कोणी मोजले नाहीत. पांढऱ्या कोटावरची सोनेरी नक्षी आधी लाल झाली, मग मातीच्या रंगाची. गिरधर शेजारच्या गोठ्यातून पळाला, टेपरेकॉर्डर पोटाशी धरून. पोलिसांना म्हणाला, मी मागे होतो. मास्टर लाल दोरा गुंडाळून क्लॅरिनेटला फुंकायची वेताची पट्टी बांधायचे, ती पट्टी तेवढी कोणाला सापडली नाही.

कॅसेट जाळता आली असती. चाहत्याचा जीव, जाळवली नाही. पण तेवढं एक वाक्य पुसता येत होतं. रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि दहा सेकंद तोंड बंद ठेवायचं. वाक्य जाईल, शांतता राहील. मास्टरांचं नाव खराब राहील, त्याचं वाचेल. धंद्यात याहून वाईट सौदे त्याने केले होते.

एक वाजला. बाजार उन्हाने झाकून गेला होता. गिरधरने शटर ओढून आतून कडी घातली. फरशी खचल्यामुळे खाली चार बोटं फट राहायची, तिच्यातून उजेडाची पट्टी आत आली. चपला काढून पाटाखाली सारल्या. आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद केला. टर्पेंटाइनचा वास डोक्यात चढला.

त्याने जागा शोधली. टेप मागे घेतली. दोन्ही बटणं एकदम दाबली. लाल दिवा लागला. त्याने श्वास धरला.

लांबून क्लॅरिनेट ऐकू आली.

एवढ्या उन्हात कोणाची वरात… पण धून तीच होती. तीच वळणं. ढोल जवळ आला तशी डब्यांची झाकणं थरथरली. टर्पेंटाइनच्या वासात गुलाल मिसळला, मग घाम, मग खाटकाच्या गल्लीत येतो तो वास. बटण बंद करायला हवं होतं. हात उठेना.

पानटपरीपासून त्याचं दार तीस पावलांवर. टपरीपाशी क्लॅरिनेट थांबली. ढोल थांबला.

पावलं थांबली नाहीत.

वाद्यं बंद, चालणं चालू… बँड असा चालतो तो एकाच दारापुढून. आणि या दाराच्या आत त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

सवयीने त्याने आधी पाय बघितले. फटीतून पांढरे बूट जात होते, ओळीने, सावकाश. एक जोडी थांबली. टोकं त्याच्याकडे वळली. बुटांवर वरून काहीतरी थेंब थेंब पडत होतं.

त्याने हात जोडले. "मास्टर… वाजवा… पाया पडतो… मास्टर, थांबू नका…"

चार वाजता गफूरने हाका मारल्या, मग शेजारच्यांना बोलावून शटर तोडलं. कडी आतूनच होती. गिरधर खुर्चीत बसलेला, हात जोडलेले. पुढचे दात आत ढकललेले, जबडा फाटलेला, सदरा रक्ताने छातीला चिकटलेला. सरकारी डॉक्टरांनी त्याच्या घशातून वेताची एक पातळ पट्टी चिमट्याने ओढून काढली. तिच्याभोवती लाल दोरा होता. गफूरने तो ओळखला आणि पायरीवर बसून घेतलं.

कॅसेट टेपरेकॉर्डरमध्येच होती. वर्षश्राद्धाला प्रमिलाबाईंनी सगळ्यांसमोर ती लावली. धून वाजली. मग धून तुटली आणि गिरधरचा आवाज आला, स्पष्ट, कापरा: "पाया पडतो… मास्टर, थांबू नका…" पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

"आयकं ना गफूरभाऊ?" प्रमिलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "त्यास्नी मनथीन नही वाजाडं."

पुढच्या लग्नसराईत बँडला पुन्हा बोलावणी आली.

पण त्या वाक्याच्या पुढचं गफूरने एकट्याने, पुन्हा पुन्हा ऐकलं. त्या वाक्यानंतर नुसती पावलं आहेत. त्याने मोजली, तीस. तिसाव्या पावलाला क्लॅरिनेट पुन्हा सुरू होते आणि धून पुढे जाते, त्या गावात कोणी ऐकली नव्हती तिथून पुढे, लांब, लांब… पावलं मात्र दोघांची आहेत. एक बुटांची. दुसरी, मागून घाईने येणारी, चपलांची.

गिरधरला तिरडीवर ठेवलं तेव्हा पायांशी ठेवायला म्हणून त्याच्या चपला शोधल्या होत्या. पाटाखाली नव्हत्या. दुकानात कुठेच नव्हत्या.