मधला दगड

बसा. टेबलावरचा तो फोन तसाच राहू द्या, बंद करू नका. सांगतो.

माझा फोटो स्टुडिओ आहे. वीस वर्षं ओळखपत्रासाठी लोकांच्या माना सरळ करतोय. माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, विमा कचेरीत कारकून. गेल्या वर्षी त्याने कॅमेरा घेतला, निसर्गाचे फोटो शिकवणाऱ्या एका सहलीला गेला आणि तळ्यावरच्या धुक्याचा फोटो घेऊन आला. सासूबाईंनी तो दिवाणखान्यात लावला. तिथे आधी मी काढलेला सासऱ्यांचा फोटो होता. तो जिन्यात गेला.

"साडूभाऊ, तुम्हीही चला एकदा," हा मला म्हणायचा. उजेड कधी, कुठून येणार, पाय कुठे ठेवायचा, सगळं म्हणे सर सांगतात. एकट्याने दहा वर्षं भटकून कळत नाही ते दोन दिवसांत कळतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण गेलो. याला असं काय शिकवलं, ते बघायचंच होतं.

पहाटे तळ्यावर पोचलो. काठावर पांढरे दगड ओळीने मांडलेले. पुढे दलदल, म्हणून एकेकाने एकेका दगडामागे कॅमेऱ्याचा स्टँड लावायचा, अशी सरांची पद्धत. मधला दगड मात्र मोकळा. मी लगेच ओळखलं, सगळ्यात चांगली जागा लाडक्या शिष्यासाठी राखलीय. साडू शेजारच्याच दगडाशी घुटमळत होता. सर माणसं मोजत ओळीच्या टोकाला गेले, आणि मी धुक्यातून गुपचूप मधल्या दगडामागे जाऊन उभा राहिलो.

फोटो दोन मिनिटांचा. तेवढा वेळ कॅमेरा उघडा राहतो, पाणी गुळगुळीत दिसतं. आपण हलायचं नाही. बटण दाबलं. पाण्याचा आवाज थांबला. चिखलाचा वास अगदी पाठीशी आला... आणि माझ्या उजव्या खांद्यावर हात पडला. गार, जड. सर आले वाटतं.

"हलू नका... छान येतोय," कानाशी कुणी पुटपुटलं.

खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. वीस वर्षांत माझ्या कामाला कुणी छान म्हटलं नव्हतं.

दोन मिनिटं संपली तेव्हा सरांची हाक आली, ओळीच्या पार टोकाकडून. मी मागे वळलो. कुणी नव्हतं.

सर धावत आले. माझ्या शर्टाच्या खांद्यावर चार बोटांचा ओला ठसा होता. तो पाहून त्यांनी मला बाजूला ओढलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं सांगितलं. त्यांच्या पहिल्या सहलीत एकजण त्या दगडापुढे गेला होता, आणखी चांगला फोटो मिळावा म्हणून. तो सापडलाच नाही.

"त्याला मी एकदाही छान म्हटलं नव्हतं," सर म्हणाले. "तो फोटो पुसून टाका."

नाही पुसला. तसा फोटो मला जन्मात आला नव्हता. मोठा करून सासूबाईंना दिला, आणि साडूचा फोटो जिन्यात गेला. काय आनंद झाला म्हणून सांगू! फक्त रोज सकाळी उठलो की शर्टाचा उजवा खांदा ओला. बायको छत तपासून दमली.

आता साडूच्या पोटात दुखायला लागलं. गेल्या आठवड्यात आला, परत त्याच सहलीला जातोय म्हणाला. तो फोटो नेमका कुठून काढलात, असं विचारलं. सरांनी सांगितलेलं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

"मधला दगड," मी म्हणालो. एवढंच.

आज सकाळी शर्ट कोरडा होता. तो चाचपत होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला. अगदी हळू बोलत होता.

"साडूभाऊ, कॅमेरा लावलाय... सरांनी खांद्यावर हात ठेवलाय... छान येतोय म्हणाले..."

त्याच्या मागून, खूप लांबून, सर माणसं मोजत असल्याचं ऐकू येत होतं.

"दोन मिनिटं कधीच झाली... हात काढत नाहीयेत..."

पळ म्हणायला हवं होतं मी. पण मनात पहिलं काय आलं, सांगू? माझ्या खांद्यावर इतका वेळ नव्हता ठेवला.

मेहुणी दोनदा येऊन गेली, यांचा फोन सारखा व्यस्त का लागतो म्हणून. दोन्ही वेळा मी फोन टेबलावर उलटा करून ठेवला. फोन सकाळपासून चालूच आहे. अधूनमधून त्यातून कुणीतरी छान येतोय म्हणतं. साडूचा आवाज नाही तो.