दादाचा पांढरा कोंबडा

सरहद्दीच्या बुरुजावर मेलेल्या दादाच्या अस्थी आमच्या गावी, तुनह्वांगला, आईकडे पोचवायच्या, एवढ्यासाठी आम्ही वाळवंटात शिरलो होतो. आम्ही दोघं म्हणजे मी, सुओ हंग, आणि म्हातारा उंटवाला कांगकाका. अस्थींच्या पेटीवर पांढरा कोंबडा बांधला होता. परमुलखात मेलेल्याचा जीव कोंबड्यावर बसून घरी येतो, अशी आमची रीत. हा आईनं स्वतः निवडून दिलेला. लुटारूंना चाहूल लागू नये म्हणून काकानं त्याची चोच दोऱ्यानं बांधली होती; दाणापाण्यापुरतीच तो ती सोडायचा.

नवव्या दिवशी पिवळं वादळ उठलं. पाण्याच्या पखालींसकट दोन उंट पळाले! तिसरा बसला तो उठलाच नाही. वारा पडला, पण धूळ खाली बसेना. सूर्य कुठं, पूर्व कुठं, काहीच कळेना.

"पेटी टाक," काका म्हणाला.

"दादाची हाडं आहेत ती!"

"दादा कोंबड्यावर बसलाय ना? मग हाडांची हमाली कशाला?"

मी कोंबडा सोडवून काखेत घेतला आणि वाळू उकरून पेटी पुरली. रडायला डोळ्यांत पाणीही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमरेला उरलेला पाण्याचा तुंबाही रिकामा झाला. काकानं कोंबड्याकडे बघत सुरी काढली. "रक्त निघेल दोन घोट."

"आणि आईला काय सांगू? दादाला प्यालो म्हणून?"

"सांगायला जिवंत तर पोच, गाढवा! का तिचा दुसराही पोरगा इथंच पुरू?"

खोटं कशाला सांगू, सुरी मीच घेतली. कोंबड्याच्या मानेवरची पिसं उपटली. पण तोंड बांधलेल्या दादाला मारायला हात धजेना. मी दोरा कापला.

कोंबडा आरवला! घसा फाटेपर्यंत आरवला!

आणि डावीकडून, धुळीच्या पलीकडून, दुसरा कोंबडा आरवला.

"ठाणं!" काका ओरडला. "अरे, माणसं आहेत तिकडं! पळ!"

आम्ही धावलो. पडलो. रांगलो. तो आरवायचा, तिकडून उत्तर यायचं. शेवटी हाताला मातीची भिंत लागली. पलीकडे विहीर होती.

घरी पोचलो तेव्हा आईनं पेटीबद्दल विचारलंच नाही. कोंबडा मांडीवर घेऊन ती कुरवाळत राहिली. "आलास बाबा," ती त्याला म्हणाली. मग तिची बोटं त्याच्या उघड्या मानेवर थांबली. मी मान खाली घातली.

तिनं मला विचारलं, "फार तहान लागली होती का रे?"