वाळूखालचे पाच

चष्मेवाल्याला न दिसणारी गोष्ट पटत नसे. धंदाच तसा. गिऱ्हाईक म्हणालं, "काच जरा वाकडी बसलीये का हो?" की तो चष्मा यंत्राखाली धरायचा, आकडा दाखवायचा आणि गिऱ्हाइकाचं तोंड बंद करायचा. त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या मोठ्या बहिणीने घराची किल्ली हातावर ठेवून "महिनाभर माझे मासे सांभाळ" म्हटलं, तेव्हा टाकीत वाकून बघत त्याने विचारलं, "कुठले मासे?"

ताई हसली. दोन फुटांची काचेची टाकी, तळाशी बारीक वाळू, एक वाकडं लाकूड, चार गोगलगायी आणि इकडेतिकडे पडलेली तपकिरी पानं, एवढाच तो संसार होता. तिने एका पानावर बोट ठेवलं. पानाला मिशा होत्या.

"नीट बघ, धाकट्या. जगाला चष्मे देतोस ना?"

होते ते कॅटफिशच, पण अंगठ्याएवढे. चपटं डोकं, मागे काडीसारखी शेपटी, अंगाला सुक्या पानाचा रंग. दिवसभर वाळूत गाडून घ्यायचं आणि दिवा मालवला की अन्न हुंगत फिरायचं, एवढंच त्यांचं काम. कुणी हात लावला तर लाकडासारखे ताठ होऊन मेल्याचं सोंग घ्यायचे, आणि सोंग असं बेमालूम की ताईसुद्धा सुरुवातीला दोनदा फसली होती. म्हणून तिने टाकीशेजारी भिंतीवर कागदच चिकटवला होता. शाळेत शिकवताना फळ्यावर लिहायची त्याच अक्षरात: "मेले असं वाटलं तर हात लावू नकोस. एक तास थांब. मगच काय ते कर."

"पाच आहेत," ती म्हणाली. "हे गेल्यापासून ह्या घरात हलणारं असं एवढंच आहे. म्हणून दुसऱ्या कुणाला सांगवत नाही."

आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून दुकानाला पहिली पाटी लावण्यापर्यंत सगळं ताईने केलं होतं. आता त्याच्या बावन्नाव्या वर्षी तिने त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. चष्मेवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "तू निर्धास्त जा."

आठ दिवस बरे गेले. सकाळी दुकान उघडण्याआधी तो यायचा, संध्याकाळी दुकान बंद करून यायचा, दाणे टाकायचा, दिवा मालवायचा आणि आठ वाजता आपल्या मोबाइलवरून ताईला खबर द्यायचा. मासे त्याला क्वचितच दिसायचे, पण वाळूवर बोट ओढल्यासारख्या रेघा असायच्या.

नवव्या दिवशी सकाळी दार उघडताच खोलीतली शांतता त्याला खटकली. पंपाची बुडबुड बंद होती. आदल्या संध्याकाळी घाईत त्याने दिव्याऐवजी सगळ्या बोर्डाचंच बटण दाबलं होतं. पाण्याला शेवाळी वास येत होता आणि एक मासा वाळूवर पोट वर करून पडला होता.

त्याने पेन्सिलीने ढोसलं. मासा हलला नाही. मग त्याने वाळू उकरली आणि एकेक करत पाचही बाहेर काढून स्टीलच्या वाटीत ठेवले. सगळे ताठ, थंड, खरबरीत. पावणेदहा वाजले होते. दहाला एक शिक्षिका चष्मा न्यायला येणार होती, आणि काचा अजून घासायच्या राहिल्या होत्या.

कागद त्याने वाचला होता. आपण तो वाचलाच नव्हता असं पुढे तो स्वतःला सांगत राहिला, पण वाचला होता, त्या सकाळीसुद्धा. तास कुणाकडे होता?

वाटी त्याने संडासात उलटी केली आणि पाणी सोडलं. चार मासे काड्यांसारखे गेले. पाचवा भांड्याच्या कडेला अडला, आणि वळला. शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे. पाणी अजून गोल फिरत होतं. हात घातला असता तर हाताला लागला असता. चष्मेवाल्याने हात पुढे केलाही. मग ते भांडं, धुवायचं राहिलेलं, इस्त्रीची बाही, असं काहीबाही मनात आलं आणि हात तिथेच थांबला. दोन सेकंद झाली असतील. पाणी खाली गेलं, नवं आलं, स्वच्छ झालं.

तो दुकानात गेला. शिक्षिकेला बसवून घेऊन काचा घासल्या, मग दुपारभर मान वर न करता बाकीच्या घासल्या. संध्याकाळी आठला ताईला फोन लावला.

"मासे?"

"मजेत."

"खरंच?" तिचा आवाज जरा वेगळा लागला. ऑपरेशनचा थकवा असेल असं त्याला वाटलं.

"मजेत म्हटलं ना."

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि तिने विषय बदलला.

फोन ठेवल्यावर आपल्याच तोंडाची त्याला किळस आली. बावन्न वर्षांचा घोडा, आणि काच फोडून पलंगाखाली लपलेल्या पोरासारखी थाप मारतो. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. मग परवा. मग वाटलं, आधी नवे पाच आणून ठेवू आणि मग सांगू, किंवा मग सांगायचीही गरज उरणार नाही. पण पाळीव माशांच्या दुकानदाराने मान हलवली. असले मासे मागवून घ्यावे लागतात, दोन महिने तरी लागतील.

म्हणून त्याने सोंग चालू ठेवलं. दाण्यांची डबी भरलेली दिसायला नको, म्हणून रोज रिकाम्या टाकीत दाणे टाकायचे, पंप चालू ठेवायचा, दिवा मालवायचा.

सकाळी दाणे नसायचे.

गोगलगायी, त्याने स्वतःला सांगितलं. चार गोगलगायी एवढं खातात का, हे त्याने कुणाला विचारलं नाही. वाळूवर रेघा दिसायला लागल्या तेव्हाही गोगलगायींवरच भागवलं. मग एका संध्याकाळी टाकीसमोर उभा असताना लाकडाशेजारची वाळू हळूच वर आली, काहीतरी कूस बदलावं तशी, आणि पुन्हा बसली. तो गुडघे टेकून काचेला नाक लावून बसला. वाळूच होती. नुसती वाळू.

शेजारीणबाई आठवड्यातून एकदा खिडकीतल्या झाडांना पाणी घालायला यायच्या. त्या दिवशी त्या टाकीपाशी थबकल्या.

"काय बाई, अंगाने भरलेत तुमच्या ताईंचे मासे! मघाशी एक पार काचेपर्यंत आला होता. तुमचा हात लागला हो."

"किती दिसतायत तुम्हाला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"अहो, मोजते कोण? चार-पाच आहेत की."

दुसऱ्याच दिवशी पाणी तपासायचं निमित्त काढून त्याने दुकानदाराला घरी आणलं. दुकानदार सरळ माणूस होता, थट्टा करणाऱ्यांतला नव्हता. बॅटरी टाकत तो वाकला आणि काचेवर बोटाने टिचक्या मारत गेला.

"हा एक. हे दोघं लाकडाखाली. तो चौथा, पानाशेजारी. पाचवा कुठंय... हां, हा काय, तुमच्यासमोरच. पाच. मग तुम्ही परवा आणखी पाच कशाला मागत होतात? टाकी लहान पडेल."

चष्मेवाला त्याच्या बोटाच्या रेषेत बघत होता. टिचकी वाजली त्या प्रत्येक ठिकाणी वाळू होती.

दुकानात परतल्यावर त्याने दार आतून लावून घेतलं. तपासणीची चौकट स्वतःच्या नाकावर चढवली, एकेक काच बदलली, एकेक डोळा झाकला. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ, जी फारशी कुणाला वाचता येत नाही, तीसुद्धा त्याने घडाघडा वाचली. डोळ्यांत खोट नव्हती.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्याहून मोठी होती ती शरम. सगळ्यांना दिसतात आणि आपल्याला दिसत नाहीत, यात कुणीतरी आपल्याला नेमकं ओळखलंय असं त्याला वाटे. टाकीसमोर जाताना तो मान खाली घालू लागला. एकदा दिवा मालवून दाराशी पोचल्यावर त्याच्या तोंडून "माफ करा" असं निघून गेलं, आणि मागे पाण्यात काहीतरी डुबकन वाजलं.

ताई महिन्याने घरी आली. काठी टेकत ती आधी टाकीपाशीच गेली. त्याने स्टूल सरकवून दिलं. ती बसली, वाकली, आणि तिचा चेहरा असा उजळला की त्याला तिच्याकडे बघवेना.

"केवढे झालेत रे! आणि भित्रेपणा तर पार गेलाय. बघ, दिवसाढवळ्या वर येऊन बसलेत."

त्याने तिची काठी घेऊन भिंतीला टेकवली.

"मी आता लेकीकडेच जाऊन राहणार आहे. जिने चढणं व्हायचं नाही माझ्याने. ही टाकी तू घेऊन जा. तुझ्याशिवाय कुणाच्या हवाली करू यांना?"

गप्प राहिलं असतं तर काहीच बिघडणार नव्हतं. टाकी गेली असती त्याच्या घरी, ताई गेली असती सुखाने. पण मग रोज सकाळ-संध्याकाळ ती वाळू समोर असणार होती, आणि तो, आणि कुणीच नाही.

"ताई, मी ते मारले."

तिने मान वळवली.

"नवव्या दिवशी. पंप बंद राहिला माझ्याकडून. मला वाटलं मेले. तुझा कागद वाचला होता मी, पण थांबलो नाही. संडासात टाकले. पाचही. तुला रोज खोटं सांगत होतो. आणि हे जे तुम्हा सगळ्यांना दिसतायत ना, ते मला दिसत नाहीत. एकदाही दिसलेले नाहीत. मला तोंड दाखवायला जागा नाही."

एवढं बोलला. पाचव्याचं मात्र त्याच्या जिभेवर आलं नाही. तेवढं त्याने कबुलीतूनसुद्धा चोरलं.

ताईने त्याचा हात हातात घेतला. तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"मला माहीत आहे रे. पुन्हा कशाला सांगतोस?"

"पुन्हा?"

"त्याच दिवशी दुपारी सांगितलंस की. ह्या घरच्या फोनवरून. किती रडत होतास! मी तुला लहानपणानंतर पहिल्यांदा रडताना ऐकलं."

त्या दुपारी तो दुकानात होता. समोर शिक्षिका, मग एक म्हातारा, मग आणखी कोणी. घासायचं चाक एक क्षण थांबलं नव्हतं.

"काय सांगितलं मी?"

"सगळं. पाचवा हलला होता, तेही. हात घातला नाहीस, तेही."

चष्मेवाल्याने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. तिने सोडला नाही.

"रात्री तू मजेत म्हणालास तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, काढले याने. उगाच ओशाळशील म्हणून मग विषय काढला नाही मी."

"काढले म्हणजे?"

"तूच म्हणालास ना, 'ताई, मी आता हात घालतो.'" तिने टाकीकडे पाहिलं, लाडाने. "मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता. आणि मधून मधून तुझा, जरा दुरून, खालून आल्यासारखा. फोन तू ठेवलाच नाहीस. शेवटी संध्याकाळी मीच ठेवला."